अश्विनचा मोठा फोटो

रुखमा खोब्रागडेच्या तोंडी लागायला सावरटोल्यात सहसा कोणी धजावत नाही. ती तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. नागभीडहून ब्रह्मपुरीकडे जाताना धानाच्या बांध्यांमधून एक फाटा जंगलाकडे वळतो, त्याच्या टोकाला हे गाव. शिक्षक येतात आणि बदली करून घेऊन जातात. रुखमा मात्र कित्येक वर्षं त्याच चुलीपुढे आहे. शाळेला गॅस मिळाला तो तिनं कोपऱ्यात सरकवून ठेवला, कारण गॅसवर तांदूळ शिजतो पण खिचडी होत नाही, असं तिचं मत आहे. या मताशी वाद घालणाऱ्या एका मुख्याध्यापकांना आठवडाभर करपलेली खिचडी खावी लागली म्हणतात. खरंखोटं तिलाच ठाऊक.

पोरांवर ती सारखी ओरडते. ताटात उरवलं तरी ओरडते, सांडलं तरी ओरडते, आणि हात न धुता कोणी पंगतीत बसलं तर विचारूच नका. पण कोणाच्या घरी सकाळी चूल पेटली नाही हे तिला पोराच्या चालण्यावरून कळतं, आणि त्या दिवशी त्याच्या ताटात पळी दोनदा पडते. पोरगं नको म्हणालं की ती ऐकवते, "तुया बापाचं पोट भरलं असन. तू खाय."

वैनगंगेपलीकडून लग्न होऊन ती या गावात आली. नवरा देवराव मिस्त्रीच्या हाताखाली बांधकामावर जायचा, माणूस कमी बोलणारा. घर बौद्ध. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली सासू-सासऱ्यांचे हार घातलेले फोटो. लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही. लोकांना बोलायचं ते त्यांनी बोलून घेतलं, रुखमानं ऐकायचं ते ऐकून घेतलं, आणि मग सगळ्यांनी आशा सोडल्यावर अश्विन झाला. त्याला तिनं धानाच्या रोवणीच्या चिखलात कधी उतरू दिलं नाही. बारावी झाल्यावर ब्रह्मपुरीच्या कॉलेजात नाव घातलं. पण पोराचं मन पुस्तकात रमलं नाही, आणि त्याच वर्षी धान निघाल्यावर तो गावच्या टोळीबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला.

मिरचीला दरवर्षी इकडची माणसं जातात. उन्हाळा लागता लागता हातांची आग घेऊन परत येतात. त्या वर्षीही टोळी परत आली. अश्विन तेवढा आला नाही. बरोबरचे म्हणाले, परतताना स्टेशनवर त्याला कोणीतरी भेटलं, हैदराबादकडं चांगलं काम आहे म्हणालं, आणि तो दुसऱ्या गाडीत बसला. महिनाभर फोन लागला, मग बंद झाला. देवराव दोनदा जाऊन आला. पोलिसांत तक्रार दिली. चार वर्षं झाली, अश्विनचा पत्ता नाही.

आता इथली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या भागात माणसाचा फोटो मोठा करून आणतात तो माणूस गेल्यावर. जिवंतपणी फोटो मोबाईलमध्ये असतो, आधार कार्डावर असतो, लग्नाच्या अल्बममध्ये असतो. पण अमक्याचा फोटो मोठा करायला टाकलाय असं कानावर आलं की ऐकणारा आधी विचारतो, कधी गेला? म्हणून देवरावची बहीण जेव्हा जेव्हा घरी आली आणि म्हणाली, "वहिनी, आता तरी पोराचा फोटो मोठा करून आणा, त्याच्या नावानं पुण्यानुमोदन करून टाका, आपल्याही जिवाले शांती भेटन," तेव्हा तेव्हा रुखमानं तिला चहा न देता वाटेला लावलं. सासू-सासऱ्यांच्या शेजारी भिंतीवर एक रिकामा खिळा होता. तो तिनं दगडानं ठोकून आत घालून टाकला. देवरावच्या देखत. त्यानंतर नवरा-बायकोत मुलाचा विषय निघेनासा झाला, आणि मुलाचा निघत नाही म्हटल्यावर बाकीचे विषयही आटले. एकुलतं एक मूल हरवलेल्या घरात दोन माणसांनी बोलायचं तरी कशाबद्दल?

अशात चंद्रपूरहून रश्मी नावाची एक चित्रकार मुलगी शाळेत आली. केस आखूड, खांद्यावर झोळी, बोलणं गोड. पोरांनी कलावंतांच्या हाताखाली शिकून गावातल्या माणसांची मोठमोठी चित्रं काढायची आणि त्यांचं प्रदर्शन लोकांच्या वाटेवर मांडायचं, अशी तिची योजना. चेहरे शिकवायला तिनं ब्रह्मपुरीच्या नूर मोहम्मदला बरोबर आणलं होतं. नूर मोहम्मद एकेकाळी झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचा: राजवाडा, जंगल, गावची गल्ली. पडदे छापून मिळू लागले तसा तो मयतांचे चेहरे रंगवू लागला. लोक आधार कार्ड घेऊन येत, तो त्यावरून हातभर चित्र करून देई. ज्याचा फोटोच नाही त्याच्या घरच्यांना तो समोर बसवी आणि नाक कसं, कान कसे, हसताना दात दिसायचे का, असं विचारत विचारत माणूस उभा करी. पोरं त्याला चाचा म्हणू लागली.

पहिल्याच दिवशी योजनेचा बोऱ्या वाजला. पोरं कागद घेऊन गावात गेली आणि शिव्या खाऊन आली. बापूजी म्हणून गावातले सर्वांत म्हातारे गृहस्थ आहेत, ते काठी घेऊनच उठले. "मले भितीवर टांगाची एवढी घाई कायची झाली रे तुमाले? मी जेवून राह्यलो, चालून राह्यलो, दिसत नाई का?" बुधरी नावाच्या गोंड म्हातारीनं तर घराचं दारच लावून घेतलं. रश्मीला काही उमजेना. नूर मोहम्मद मात्र हसत होता. त्याला पाहूनच निम्मा गाव घाबरला होता. हा माणूस ज्याच्या दारात येतो त्या दारात तेरवीचा मांडव असतो, हे सगळ्यांना माहीत.

शेवटी तोडगा रुखमानंच काढला. ती भांडी घासता घासता म्हणाली, "हातात काम देऊन काढा ना. मेलेला माणूस काम करते का?" ते सगळ्यांना पटलं. मग बापूजी टोपली विणताना काढले गेले, बुधरी मोह वेचताना, कोणी धान झोडताना, कोणी तेंदूपानांचा पुडा बांधताना. गावात गंमत सुरू झाली. रुखमाला पळी हातात देऊन काढायला पोरं आली, तेव्हा तिनं त्यांना पळीच दाखवली.

असेच दिवस जात होते. एकदा रश्मी चुलीजवळ बसून चहा पीत होती आणि बोलता बोलता म्हणाली, प्रदर्शनाला नागभीड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर परवानगी मिळाली आहे, महिनाभर चित्रं तिथं राहतील. रुखमाचा हात थांबला.

"ठेसनावर? जिथून बल्लारशाची गाडी जाते?"

"हो, त्याच प्लॅटफॉर्मवर."

रुखमानं खिचडीवर झाकण ठेवलं. बल्लारशाहून पुढं तेलंगण. मिरचीवाले, बांधकामवाले, विटाभट्टीवाले, सगळे त्याच वाटेनं जातात-येतात. त्यातल्या एकानं तरी कुठं तिच्या पोराला पाहिलं असेल. आधार कार्डावरचा फोटो घेऊन ती चार वर्षं माणसांसमोर उभी राहिली होती. नखाएवढ्या त्या चेहऱ्यावरून तर तिनं स्वतःसुद्धा त्याला ओळखला नसता. मोठा चेहरा पाहिजे. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवील एवढा मोठा.

"माह्या पोराचा काढा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुरानं आलं असं सांगायलाही ती विसरली.

चित्र काढायचं काम सातवीतल्या नूतनकडं आलं. पोरीचा हात सगळ्यांत चांगला होता. रुखमानं नूर मोहम्मदला बजावलं, "नूरभाऊ, आयकून घ्या. तो हाये. हरवला हाये फक्त." त्यानं मान डोलावली.

त्या संध्याकाळी देवराव कामावरून येऊन पाय धूत होता. रुखमा दारात उभी राहून म्हणाली, "अश्विनचा फोटो मोठा काढून राह्यली. नूरभाऊकडून."

देवरावनं तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर ओतलं. मग म्हणाला, "बरं केलं."

तेवढंच. पण त्या दोन शब्दांनी घर पालटलं. दुसऱ्या दिवशी नूर मोहम्मद आणि नूतन विचारायला घरी आले, तर देवराव आपणहून खाटेवर येऊन बसला आणि बोलू लागला. अश्विन मोहाच्या झाडावरून पडला होता, त्याची खूण भुवईत आहे. कान त्याच्या आजीसारखे, बाहेर आलेले. हसला की आधी एका बाजूनं हसायचा. रुखमा आतून ऐकत होती. खिळा ठोकल्यापासून नवऱ्याच्या तोंडून मुलाचं नाव आलं नव्हतं, आणि आता तो थांबत नव्हता. जेवताना त्यानं भाकरी मागून घेतली. रविवारी शिडी लावून घराच्या छपराची कवेलू फेरली, ओसरीला चुना दिला. रुखमाला वाटलं, आला बाई याच्याही मनात विश्वास, पोरगा यायच्या आधी घर नीट करतोय. तिला इतका आनंद झाला की तिनं पेटीतलं अश्विनचं अंथरूण काढून उन्हात घातलं. देवरावनं ते पाहिलं, जवळ आला, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून गेला. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. त्या दिवसांत शाळेतली पोरं म्हणत, आजी ओरडायची बंद झाली, खिचडी बिघडली.

अर्धवट चेहरा घरच्यांना दाखवायचा नाही, हा नूर मोहम्मदचा नियम. त्यामुळं रुखमानं चित्र पाहिलं ते एकदम नागभीडला, उद्घाटनाच्या दिवशी.

प्लॅटफॉर्मच्या शेडखाली चित्रं ओळीनं लावली होती. कोणी साहेब आले, फीत कापून गेले. पोरं गणवेशात, तेल लावून, आपापल्या चित्राखाली उभी होती. बापूजी स्वतःच्या चित्रासमोर उभे राहून येणाऱ्याला टोपलीचा भाव सांगत होते. रुखमा एकेक पाहत शेवटच्या चित्रापर्यंत आली आणि तिचे पाय तिथंच थांबले.

अश्विन होता. भुवईतली खूण, कान, एका बाजूनं सुरू झालेलं हसू. नूतनच्या बोटांनी ते कसं आणलं देव जाणे. रुखमानं हात लावला, तर रंग अजून थोडा ओला होता. तिनं नूतनला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तो फिरवता फिरवता तिची नजर चित्रात खाली गेली. गळ्याखाली काहीच नव्हतं. नुसता सपाट निळसर रंग. ना शर्ट, ना गुंडी, ना कॉलर.

"कपडे काऊन नाई काढले वं?" तिनं विचारलं.

नूतन सरळ पोरगी. शिकवलं तसं तिनं सांगितलं, "चाचा म्हणे खाली कोरंच ठेवाचं. तिथी हार येते."

नूर मोहम्मद दोन पावलांवर होता. त्यानं ऐकलं आणि चित्राच्या कोऱ्या निळ्या भागाकडं पाहिलं. त्याच्या हाताखालून इतकी वर्षं जे जे चेहरे गेले त्यांच्या छातीवर हारच यायचा; मग शर्टावर मेहनत कशाला? सांगून आणलेला चेहरा समोर आला की हात आपसूक तेच करायचा, आणि पोरीला शिकवतानाही त्यानं तेच शिकवलं. रुखमानं बजावलेलं त्याच्या कानात होतं, हातात उतरलं नव्हतं.

"गलती झाली बाई," तो म्हणाला. "हाताले सवय पडून गेली. मी आत्ताच काढतो. रंग हाये माह्याजवळ. कोणता शर्ट होता, सांगा."

तो पेटी उघडून ब्रश भिजवायला लागला. रुखमानं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

निघताना त्याच्या अंगात कोणता शर्ट होता? चौकड्याचा? तो तर कॉलेजात जाताना घालायचा. पांढरा? की देवरावचाच जुना, बाह्या दुमडलेला? तिला टोळीला न्यायला आलेली जीप आठवत होती, मागं बसलेली माणसं आठवत होती, त्याचा वर केलेला हात आठवत होता. पण त्या हाताच्या बाहीचा रंग काही केल्या समोर येईना. नूर मोहम्मद ब्रश धरून वाट पाहत होता. आपण पोराला जिवंत धरून बसलो म्हणतो आणि पोराच्या अंगावरचा कपडा आपल्याला आठवू नये, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पलीकडून देवराव येताना दिसला. धुतलेला पांढरा सदरा, हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी. मागं त्याची बहीण, तिच्यामागं दोन पाहुणे. रुखमा धावतच त्याच्याकडं गेली.

"आयका ना जी. निघाला तवा कोणता शर्ट होता त्याच्या अंगात? तुमी जीपपाशी होते. सांगा लवकर, नूरभाऊ थांबले हायेत."

"आता शर्टाचं काय करतं?" देवराव हळू म्हणाला, आणि त्यानं पळसाची पानं उघडली. आत पांढऱ्या फुलांचा हार होता.

रुखमा एक पाऊल मागं सरली.

"तूच त म्हटली," देवराव म्हणाला. "फोटो मोठा काढून राह्यली म्हणून. मले वाटलं, तू मानलं. मी बहिणीले बोलावलं. भंतेजीलेबी सांगतलं, येत्या पुनवेले या म्हणून." मग तिचा चेहरा पाहून तो अडखळला. "त्याचं अंथरूण काढलं तू. वाटून द्याले काढलं नाई का?"

कवेलू, चुना, मागून घेतलेली भाकरी, पाठीवरचा हात. सगळं रुखमाच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिला कळलं की ते दिवस दोघांनी एका घरात काढले, पण ती एकाची वाट पाहत होती आणि तो त्याच एकाला निरोप देत होता. तिच्या घशाशी शिव्या आल्या. नणंदेला, नूर मोहम्मदला, समोरच्या या माणसाला तिथंच उभं चिरावं असं तिला वाटलं. पण देवराव हाराची फुलं एकेक नीट करत होता. चार वर्षं हा माणूस रडायला जागा शोधत होता, आणि ती जागा आपण ठोकून बंद करून टाकली होती, हे तिला त्या क्षणी दिसलं, आणि दिसल्यावर तिच्यानं ओरडवेना.

"घाला," ती म्हणाली. "तुमाले रडाचं हाये त रडा. मी नाई म्हणत नाई. मले मात्र बोलवू नका."

नूर मोहम्मदनं ब्रश पाण्यात सोडला. देवरावनं चित्राला हार घातला. कोऱ्या निळ्या जागेवर तो नीट बसला. मग त्यानं कपाळ चित्राच्या चौकटीला टेकवलं, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून गणवेशातली पोरं एकमेकांना चिकटली. नूतन रडू लागली. तिला वाटलं, आपलं चित्र चुकलं. रश्मीनं तिला कुशीत घेतलं.

गोंदियाकडून पॅसेंजर आली. दारं गच्च भरलेली. पिशव्या, बोचकी, पाण्याचे डबे घेऊन माणसं उतरली, चढली. रुखमा चित्राकडं पाठ करून गाडीपाशी गेली होती. खिडकीखिडकीशी जाऊन ती बोट मागं दाखवत विचारत होती, "तो पोरगा पाह्यला का कुठी? अश्विन नाव. तिकडं हैदराबादकडं गेला. तो कोपऱ्यातला फोटो, पाहा बरं नीट."

लोक माना वळवून पाहत. हार घातलेला चेहरा दिसे, त्याला कपाळ टेकवून रडणारा माणूस दिसे. काहींनी बसल्या जागेवरून हात जोडले. एकानं रुखमाकडं पाहिलं आणि काच खाली ओढून घेतली.

शेवटच्या डब्याच्या दारात मजुरीला निघालेली एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू. तिनं चित्राकडं पाहिलं, रुखमाकडं पाहिलं. "बाई," ती दबकत म्हणाली, "त्याले त हार घातला हाये ना?"

"तो त्याच्या बापानं घातला," रुखमा म्हणाली. "मायनं नाई घातला. तू चेहरा पाहून ठेव."